स्कॉटलंडचा किल्ट, सियालकोटची शिलाई





या पानावर आम्ही दर अंकात इतिहास, भूगोल किंवा नागरिकशास्त्रातला एखादा विषय सोपा करून मांडतो. या वेळचा विषय कुठल्याच पाठ्यपुस्तकात नाही. तो आपल्या बँडपथकामुळे निघाला आणि महिनाभर आमच्या डोक्यात घोळत राहिला. आमचे स्वतःचे शिक्षण हिंदी माध्यमात झालेले, त्यामुळे लिहिताना कुठे हिंदी डोकावलीच तर नेहमीप्रमाणे सांभाळून घ्यावे.

झाले असे की, बँडपथकाचे जुने पोशाख पार विरले होते. नवे पोशाख पाटणकर बाजारातल्या मास्टरजींनी शिवून दिले. त्यांत मुलामुलींसाठी लाल-हिरव्या चौकड्यांचे चौदा किल्ट होते. कापड भिलवाड्याचे, पॉलिस्टर-व्हिस्कोज, म्हणजे आपल्या पँटचे असते तसलेच. विश्वस्तांच्या बैठकीत एक नमुना ठेवला. एक ज्येष्ठ सभासद तो हातात घेऊन म्हणाले, "छान आहे, पण नकली आहे. असली किल्ट स्कॉटलंडचा. मुलाकडे एडिंबरोला गेलो होतो तेव्हा पाहिलाय." त्यावर दुसरे सभासद हसून म्हणाले, "काका, तिथल्या दुकानांत टांगलेले कितीतरी किल्ट पाकिस्तानातून शिवून येतात. मग ते असली कसे?" पंधरा-वीस मिनिटे हेच चालले. चहा निवला, आणि अंदाजपत्रकाचा मुद्दा पुढच्या बैठकीवर गेला.

दुसऱ्या दिवशी आठवीतली ड्रम वाजवणारी एक मुलगी ऑफिसात आली. बैठकीतले बोलणे तिच्या कानावर गेले होते. शाळेच्या भिंतींना कान असतात हे तुम्हाला ठाऊकच आहे. तिने विचारले, "सर, आमचा किल्ट खोटा आहे का?" आम्ही फाइलीतून मान वर न करता म्हणालो, "हो बेटा, पण आपल्याला चालतो." ती "बरं" म्हणून गेली. पुढच्या सरावाला मात्र किल्ट न घालता सलवार-कुर्त्यातच आली. विचारले तर म्हणाली, धुवायला टाकलाय. नवा कोरा किल्ट धुवायला कशाला टाकायचा, ते आम्हाला कळले. घाईत दिलेले उत्तर चुकले होते. हा लेख म्हणजे त्या उत्तराची दुरुस्ती समजावी.

किल्ट म्हणजे 'आठवारी'

आपल्याकडे नऊवारी लुगडे असते, त्या चालीवर किल्टला आठवारी म्हणायला हरकत नाही. मोठ्या माणसाच्या पारंपरिक किल्टला आठ वार लोकरी कापड लागते. प्रत्यक्षात दुप्पट पन्ह्याचे चार वार घेऊन ते लांबीत चिरतात आणि दोन तुकडे जोडतात. लुगड्याच्या निऱ्या पुढे येतात, किल्टच्या मागे. पुढे दोन सपाट पदर एकावर एक येतात आणि कमरेला चामड्याच्या पट्ट्यांनी आणि बकलांनी बांधले जातात. किल्टला खिसा नसतो, म्हणून पुढे 'स्पॉरन' नावाची थैली लटकवतात. खालच्या कडेला दुमड घालत नाहीत. साडीचा काठ जसा असतो तशी कापडाची विणलेली किनारच खाली ठेवतात. सगळा मिळून वजन दीड-दोन किलो. मे महिन्यात आपल्या ग्वाल्हेरात असला किल्ट घालून कवायत करायची म्हटली तर पथकाबरोबर डॉक्टरही ठेवावा लागेल.

चौकड्यांच्या त्या कापडाला टार्टन म्हणतात. उभ्या धाग्यांत रंगांचा जो क्रम असतो तोच आडव्या धाग्यांत असतो. हा क्रम एकदा पुरा झाला की त्याला 'सेट' म्हणतात. खरी कारागिरी इथे सुरू होते. मागच्या बाजूला पंचवीस-तीस चुण्या घालायच्या, बहुतेक कापड आत दडवायचे, आणि तरीही बाहेरून पाहणाऱ्याला चौकडी कुठे तुटलेली दिसता कामा नये. म्हणजे प्रत्येक चुणी नेमकी कुठे मोडायची याचा हिशेब आधी करावा लागतो. सैन्यात दुसरी रीत आहे. तिथे प्रत्येक चुणीवर एकच रेघ येईल अशी घडी घालतात आणि जवान चालू लागला की मागे रेघांची रांग हलते. शिवाय माणूस नितंबाशी रुंद आणि कमरेशी अरुंद, म्हणून प्रत्येक चुणी वर जाताना थोडी थोडी निमुळती करत हाताने शिवायची. एका किल्टला वीस तास तरी सहज जातात.

आम्ही हे सारे फोटोंसकट मास्टरजींना दाखवले. ते चष्मा कपाळावर चढवून बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "साहब, यह सिलाई नहीं, यह तो गणित है." गणिताच्या बाईंना आम्ही हे वाक्य मुद्दाम सांगितले.

आता स्वस्तातला किल्ट पाहा. कापड कमी, लोकरीऐवजी ॲक्रिलिक किंवा पॉलिस्टर-व्हिस्कोज, चुण्या मशीनवर सरळ दाबलेल्या, चौकडी जुळलेली नाही, आणि कधी बकलाऐवजी नुसता वेल्क्रो. स्कॉटलंडमध्ये मापाने हाताने शिवलेल्या किल्टला पाचशे पौंडांच्या आसपास किंवा त्याहून जास्त पडतात, तर हा तीस-चाळीस पौंडांत येतो. एडिंबरोच्या 'रॉयल माइल' या जुन्या रस्त्यावर पर्यटकांची दुकाने दाटीने आहेत. तिथे दोन्ही तऱ्हेचा माल एकाच रस्त्यावर मिळतो, आणि लांबून दोन्ही सारखेच दिसतात. भांडण इथूनच सुरू होते.

किल्ट असली कधीपासून?

ज्याला असली म्हणायचे तो किती जुना, हे आधी पाहायला हवे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातले, म्हणजे हायलँडचे, लोक एक भले मोठे लोकरी वस्त्र अंगाला गुंडाळत. त्याचा खालचा भाग कमरेला पट्ट्याने आवळायचा आणि वरचा खांद्यावर टाकायचा. शिलाईचा प्रश्नच नव्हता. दिवसा कपडा आणि रात्री पांघरूण. आपल्या धनगरांच्या घोंगडीसारखेच.

या वस्त्राचा खालचा भाग वेगळा काढून आजच्यासारखा आखूड किल्ट अठराव्या शतकात रूढ झाला. एक गोष्ट फार प्रसिद्ध आहे. थॉमस रॉलिन्सन नावाचा एक इंग्रज हायलँडमध्ये लोखंडाची भट्टी चालवत होता. त्या लांबलचक वस्त्रात कामगारांना काम करणे अवघड जाई, म्हणून त्याने ते कापून आखूड करवले, अशी ती गोष्ट. म्हणजे किल्टचा जनक एक इंग्रज! ह्यू ट्रेव्हर-रोपर या इतिहासकाराने १९८३ साली आपल्या निबंधात यावर जोर दिला आणि पुष्कळ स्कॉटिश लोक दुखावले. सगळ्या अभ्यासकांना हे मान्य नाही. आखूड किल्ट त्याआधीही घालत असत, असे काहींचे म्हणणे आहे. आमच्या मते या वादात कुणीही जिंकले तरी पुढचा इतिहास बदलत नाही.

१७४६ साली कलोडनच्या लढाईत हायलँडच्या बंडखोरांचा पाडाव झाला. त्याच वर्षी इंग्रज सरकारने कायदा करून हायलँडचा पोशाख पुरुषांना बंद केला. पहिल्या गुन्ह्याला सहा महिने कैद, दुसऱ्याला सात वर्षे समुद्रापार हद्दपारी. कपडा घातला म्हणून काळे पाणी! ही बंदी १७८२ पर्यंत राहिली. सूट होती ती सरकारी फौजेतल्या हायलँड पलटणींना. त्यामुळे घरातून गेलेला किल्ट छावणीत टिकला, आणि याच पलटणी पुढे साम्राज्याबरोबर जगभर हिंडल्या. १८०३ साली असईच्या लढाईत शिंदे-भोसल्यांच्या फौजेसमोर ७४ आणि ७८ क्रमांकाच्या हायलँडर पलटणी उभ्या होत्या. तेव्हा आपल्या ग्वाल्हेरकरांच्या पूर्वजांची या मंडळींशी ओळख जुनी आहे, फारशी गोड नसली तरी.

मग १८२२ चा ऑगस्ट आला. सुमारे १७० वर्षांनी पहिल्यांदा गादीवरचा राजा स्कॉटलंडला येत होता. त्या सोहळ्याची सूत्रे कादंबरीकार सर वॉल्टर स्कॉट यांच्या हाती होती. त्यांनी साऱ्यांना हायलँडचा पोशाख करून यायला सांगितले, आणि राजे चौथे जॉर्ज स्वतः किल्ट घालून दरबारात आले. ज्या कपड्यासाठी शंभर वर्षे पुरी होण्याआधी लोकांना कैदेत टाकले होते, तोच आता राजाच्या अंगावर. मग काय विचारता! जो तो आपल्या घराण्याचे टार्टन शोधू लागला. बॅनॉकबर्न गावच्या विल्सन यांच्या विणकाम कारखान्यात १८१९ चे नमुन्यांचे पुस्तक तयारच होते. त्यातल्या कितीतरी चौकड्यांना बाजारासाठी घराण्यांची नावे मिळाली. पुढे १८४२ साली दोन भावांनी जुन्या हस्तलिखितावर आधारलेला म्हणून घराण्यांच्या टार्टनचा एक ग्रंथ छापला. ते हस्तलिखित बनावट होते, पण त्यातल्या चौकड्या आजही लोक अभिमानाने वापरतात.

एवढे वाचून 'म्हणजे सगळे थोतांडच' असे कुणी म्हणेल. आम्ही तसे म्हणणार नाही. सार्वजनिक गणेशोत्सव आपण १८९३ पासून धरतो. त्याला कुणी सव्वाशे-दीडशे वर्षांचेच म्हणून खोटा म्हणत नाही. तीन-चार पिढ्यांनी मनापासून पाळले की ते त्यांचे झाले. पण दीडशे-दोनशे वर्षांपूर्वी कारखानदार, कादंबरीकार आणि राजा यांनी मिळून घडवलेल्या गोष्टीला 'अनादिकाळापासून शुद्ध' म्हणता येत नाही, इतके मात्र खरे.

शुद्धतेचीच गोष्ट निघाली तर कच्च्या मालाकडेही पाहावे. त्या काळच्या टार्टनचा लाल रंग मेक्सिकोकडच्या कोचिनील किड्यांपासून येई आणि निळ्यासाठी नीळ लागे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला युरोपच्या बाजारातली बरीच नीळ आपल्या बंगालची होती. आज किल्टच्या मऊ कापडाची बरीचशी लोकर ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडकडची असते. स्कॉटलंडच्या काळ्या तोंडाच्या मेंढीची लोकर भरड, ती गालिच्यांना बरी. बॅगपाइपचे उत्तम लाकूड तर टांझानिया-मोझांबिककडचे, आफ्रिकन ब्लॅकवुड. म्हणजे लोकर दुरून आलेली चालते, लाकूड दुरून आलेले चालते, पण शिलाई दुरून आली की माल नकली? हा प्रश्न आम्हाला मध्यरात्री सुचला आणि सौ.ने दिवा बंद करायला सांगितले.

सियालकोट मध्येच कुठून आले?

नकाशा काढा. जम्मूच्या खाली, सीमेपलीकडे सियालकोट सापडेल. कवी इक्बाल यांचे हे जन्मगाव. इंग्रजांची तिथे मोठी छावणी होती. छावणी म्हटली की घोड्याचे खोगीर, क्रिकेटची बॅट, टेनिसची रॅकेट, इस्पितळातली कात्री, आणि स्कॉटिश पलटणींच्या बँडची वाद्ये आलीच. दुरुस्ती करता करता कारागीर नवे बनवू लागले. आज शस्त्रक्रियेची हत्यारे आणि फुटबॉल यांसाठी हे गाव जगात ओळखले जाते. २०१४ च्या विश्वचषकातला 'ब्राझुका' चेंडू तिथे बनला होता. बॅगपाइप आणि किल्ट हे त्याच झाडाचे फांदे. १९४७ ला फाळणी झाली तेव्हा तिथले पुष्कळ हिंदू-शीख कारागीर जालंधरला आणि मेरठला आले. मुलांनो, तुमची बॅट या दोन शहरांतली असेल तर तिचे आजोळ सियालकोटच.

तेव्हा सियालकोटच्या कारागिराने कालपरवा इंटरनेटवर फोटो पाहून किल्टची नक्कल केली, असे नाही. त्याच्या पणजोबाला हे काम साहेबाच्या पलटणीने लावून दिले. बॅगपाइप तर आपल्याकडेही असाच रुजला. कुमाऊँ-गढवालात लग्नाच्या वरातीत तो वाजतो, त्याला मशकबीन म्हणतात, आणि तिथल्या कुणालाही तो परका वाटत नाही.

एका पालकांनी आम्हाला फोनवर विचारले, "मग सर, आपण पाकिस्तानी माल घेणार का?" नाही. २०२५ च्या मे महिन्यात भारताने पाकिस्तानातून येणाऱ्या सगळ्या मालावर बंदी घातली, आणि आपले किल्ट पाटणकर बाजारातले आहेत. पण कुठल्या देशाचा माल घ्यायचा हा एक प्रश्न, आणि तो माल करणाऱ्याला खोटारडा म्हणायचे का, हा दुसरा. दोन प्रश्नांची गल्लत झाली की उत्तर हमखास चुकते. आमचे चुकले, ते असेच.

त्यांचे म्हणणे काय?

स्कॉटलंडच्या किल्ट शिवणाऱ्यांची तक्रार आधी ऐकू. हे काम करणाऱ्यांत स्त्रिया पुष्कळ, आणि कितीतरी जणी घरी बसून नगावर मजुरी घेऊन शिवत आल्या. हात बसायला वर्षे लागतात. शेजारच्या दुकानात तीस पौंडांची पाटी लागली की गिऱ्हाईक विचारते, तुमचा इतका महाग का? त्याला चुणीचे गणित समजावत कोण बसणार? नवी मुले या धंद्यात येत नाहीत. ब्रिटनमध्ये 'हेरिटेज क्राफ्ट्स' ही संस्था संकटात असलेल्या हस्तकलांची यादी ठेवते, आणि हाताने किल्ट शिवण्याची कला त्या यादीत आहे. ही तक्रार पोटाची आहे, नुसत्या मानाची नाही. तिला हसण्यावारी नेऊ नये.

त्यांचा दुसरा राग चिठ्ठीवर आहे. कापडावर सिंहाचे नाहीतर काटेरी फुलाचे चित्र, ठळक अक्षरांत 'डिझाइन स्कॉटलंडचे', आणि शिवले कुठे ते एक तर बारीक किंवा नाहीच. पर्यटक घरी जाऊन अभिमानाने सांगतो, स्कॉटलंडहून आणला. इथे मात्र फसवणूक झाली. ती सियालकोटच्या शिंप्याने केली की मधल्या व्यापाऱ्याने, ते तुम्हीच ठरवा.

आता दुसरी बाजू. कॅनडा, अमेरिका, ऑस्ट्रेलियात स्कॉटिश वंशाचे लाखो लोक आहेत. गावोगावी पाइप बँड आहेत आणि हायलँड खेळांचे मेळावे भरतात. अशा बँडला एकदम पंधरा-वीस किल्ट लागतात, त्यांतली निम्मी मुले दोन वर्षांत उंच होऊन जातात. प्रत्येकाला पाचशे पौंडांचा किल्ट घ्या म्हटले तर बँड बंद पडेल. आपल्या पथकाचा हिशेब आम्हीच ठेवतो, त्यामुळे हे दुःख आम्हाला चांगले कळते. त्यांचे म्हणणे असे की, स्वस्त किल्टने मुलगा बँडमध्ये आला आणि टिकला, तर पुढे नोकरी लागल्यावर तोच हाताने शिवलेला घेईल. काही जण घेतातही. स्कॉटलंडमध्येसुद्धा कितीतरी नवरदेव लग्नापुरता किल्ट भाड्याने आणतात; आपल्याकडे शेरवानी आणतात तसा.

आणि टार्टन कुणाचे, याबाबत स्कॉटलंडचे सरकार तर फारच मोकळे आहे. २००८ साली कायदा झाला आणि २००९ पासून टार्टनची सरकारी नोंदवही सुरू आहे. तिच्यात घराण्यांबरोबर शहरे, संस्था, कंपन्या यांचीही टार्टने आहेत, आणि 'सिंग' नावाचेही आहे. चौकडीची नोंद होते. शिवायचे कुठे, यावर नोंदवही काही बोलत नाही.

कोयरीची गोष्ट

आता वर्गात सर्वांत जास्त गलका झाला तो भाग. आपल्या आई-आजीच्या शालूवर, पैठणीवर कोयरी असते. कुंकवाच्या करंड्यालाही कोयरीच म्हणतात, कारण आकार कैरीचा. हाच आकार काश्मिरी शालींवर होता. अठराव्या शतकाच्या अखेरीस त्या शाली युरोपात गेल्या आणि तिथल्या श्रीमंत बायका वेड्या झाल्या. एकेक शाल विणायला महिनोन्महिने लागत, किंमत डोळे फिरवणारी. मग एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला एका गावच्या विणकरांनी तशाच शाली मागावर विणायला घेतल्या आणि पुष्कळ स्वस्तात विकल्या. त्या गावाचे नाव पेझ्ली. आणि पेझ्ली आहे कुठे? स्कॉटलंडमध्ये!

त्या शाली इतक्या खपल्या की आपल्या कोयरीला सगळे जग आज 'पेझ्ली' म्हणते. फॅशन डिझाइनचा कोर्स करणारी आपली मुलेसुद्धा. १८७० च्या सुमारास फ्रान्स-प्रशियाचे युद्ध झाले, फॅशनही बदलली, आणि काश्मीरचा शालींचा व्यापार कोसळला. त्यानंतर दुष्काळ पडला. विणकरांचे जे हाल झाले ते लिहवत नाहीत. गंमत म्हणा की दैव म्हणा, फॅशन गेली तसा पेझ्लीचा धंदाही बसला.

मुले म्हणाली, "सर, मग फिट्टंफाट झाली!" असे म्हणायचा मोह आम्हालाही झाला. पण जरा थांबा. पेझ्लीच्या विणकराने काश्मिरी विणकराचे पोट मारले, म्हणून आज स्कॉटलंडच्या शिवणकाम करणाऱ्या बाईचे पोट मारले तर हिशेब चुकता होतो का? १८७० चा काश्मिरी विणकर त्यातून एक पैसाही परत घेणार नाही. कोयरीच्या गोष्टीतून एवढे कळते की असली-नकलीच्या भांडणात हात धुऊन मोकळा झालेला देश सापडणे कठीण.

नावाचे रक्षण

यावर उपाय निघाले आहेत. स्कॉटलंडच्याच बेटांवर 'हॅरिस ट्वीड' नावाचे लोकरी कापड विणतात. १९९३ च्या कायद्याप्रमाणे लोकर कुठलीही असो, ती रंगवणे, कातणे आणि शेवटचा हात फिरवणे त्याच बेटांवर व्हायला हवे आणि विणणारा तिथला रहिवासी असून त्याने आपल्या घरी विणायला हवे. तरच ते नाव लावता येते. त्यांच्या एका प्रसिद्ध पेयालाही असेच संरक्षण आहे. शाळेच्या पत्रिकेत त्याचे नाव लिहीत नाही, पालकांना ते माहीत असेल. किल्टला असे संरक्षण नाही. किल्ट हे धोतर किंवा पायजम्यासारखे कपड्याच्या प्रकाराचे नाव झाले आहे, तेव्हा जगात कुणीही शिवावा आणि किल्ट म्हणून विकावा.

आपल्या भागातली चंदेरी पाहा. २००५ साली चंदेरी साडीला भौगोलिक निर्देशांक मिळाला. तरी यंत्रमागाची साडी 'चंदेरी' म्हणून सर्रास विकली जाते, कारण कायदा कागदावर असतो आणि घासाघीस दुकानात होते. यंत्रमागाची साडी नेसणे हा गुन्हा नाही. आमच्या घरीही आहेत. पण ती यंत्रमागाची आहे, हे दुकानदाराने सांगायला हवे.

अजून एक बाजू आहे, तिच्याबद्दल दोन्ही पक्ष कमी बोलतात. तीस पौंडांतले शिवणाऱ्याला मिळतात किती? सियालकोटमध्ये फुटबॉल शिवायला लहान मुले बसवत, म्हणून जगभर ओरड झाली आणि १९९७ साली अटलांटा इथे त्याविरुद्ध करार करावा लागला. ती मुले तुमच्याच वयाची होती. एखादी वस्तू फार स्वस्त मिळाली तर आधी हे विचारावे. ती कुठल्या देशाची, ते नंतर.

गेल्या सोमवारी आम्ही त्या मुलीला बोलावले आणि सांगितले, "बेटा, त्या दिवशी आम्ही चुकलो. तुझा किल्ट खोटा नाही. तो स्कॉटलंडचा नाही आणि हाताने शिवलेलाही नाही, आणि आपण तसे कुणाला सांगतही नाही. तो ग्वाल्हेरात मास्टरजींनी मशीनवर शिवला, त्यांना ठरलेली मजुरी मिळाली." तिने जरा विचार केला आणि म्हणाली, "मग सर, आत चिठ्ठी का नाही लावली?"

याचे उत्तर आमच्याकडे नव्हते. मास्टरजींना विचारले, तर ते म्हणाले, चाळीस वर्षांत त्यांच्या शिलाईला कुणी चिठ्ठी मागितली नाही. दरम्यान त्यांनी हौसेने एक किल्ट चौकडी जुळवून शिवून पाहिला. कापड जवळजवळ दुप्पट लागले, चार रात्री गेल्या, दोनदा उसवला. मागून पाहिले तर रेघ कुठेही तुटत नाही. तो ड्रम मेजरला दिला आहे आणि त्याची जादा मजुरी ऑफिसातून दिली. खजिनदारांनी या परिच्छेदाची नोंद घ्यावी.

चिठ्ठीचे काम आठवीच्या वर्गावर सोपवले आहे. कापड कुठले, शिलाई कुणाची, गाव कोणते, इतके तिच्यावर यावे. शाळेचे नाव वर की मास्टरजींचे, यावर अजून एकमत नाही. पाचवी ते दहावीच्या विद्यार्थ्यांनी पुढच्या शनिवारपर्यंत घरातल्या पाच कपड्यांच्या चिठ्ठ्या वाचून वहीत उतरवून आणाव्यात. कुठे शिवला ते लिहिले आहे का, किती मोठ्या अक्षरांत आणि कुठल्या बाजूला, हेही टिपावे. ज्या कपड्याला चिठ्ठीच नाही तो कुणी शिवला, ते आईला किंवा आजीला विचारावे.